साष्टीतील थर आणि प्रस्तरभंगाचे कोडे

साष्टी बेटाच्या उत्तर भागात, मीरा रोडच्या परिसरात, क्षेत्रकार्यास निघालेल्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘थर’ या शब्दाचाच. एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहांस थर म्हणतात आणि पाण्यात साचलेल्या गाळासही. ‘दख्खन ट्रॅप’मधील ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आलेला आहे, तो केवळ आकार सांगतो, उत्पत्ती नव्हे.

मुंबई परिसरात खरे गाळाचे खडक आढळतात ते लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या दरम्यान. ज्वालामुखी शांत असताना उथळ जलाशयांत ते साचले. वरळीच्या अशाच थरांतील बेडकाच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केले. लाव्ह्याच्या मानाने हे थर अल्प असले, तरी भूरचनेचा उलगडा करण्यात त्यांचे स्थान मोठे आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलपासून पश्चिमेस मात्र ते समुद्राकडे कललेले दिसतात. केवळ लाव्ह्याच्या कलावरून जमीन हलली असे म्हणता येत नाही, कारण लाव्हा उतारावरही थिजतो. जलाशयातील बारीक गाळ मात्र बहुतांशी आडवाच बसतो. तो आज कललेला असेल, तर हालचाल नंतरची होय. गाळाचा थर ही अशा रीतीने निसर्गाची पाणसळच ठरते.

प्रस्तरभंगाच्या बाबतीत कोडे अधिक बिकट आहे. भेगेच्या दोन बाजूंस निरनिराळ्या उंचीवर गाळाचा थर आढळला, तर तो एकच थर सरकलेला, की दोन भिन्न काळांतील दोन थर? निर्णय करण्यासाठी जीवाश्म, वरखालच्या प्रवाहांचा क्रम, तसेच भेगेतील घर्षणाचे ओरखडे व खडकांचा चुरा हे सर्व एकत्र पाहावे लागते. पनवेलच्या या रचनेचा संबंध देसाई व बर्ट्रांड यांनी 1995 मध्ये भूकवच ताणले जाऊन झालेल्या प्रस्तरभंगांशी जोडला. शेठ यांनी 1998 मध्ये ती वक्र प्रस्तरभंगावर सरकताना कललेल्या थरांची रचना मानली.

अशा मतभेदांत अखेरचा शब्द मोजमापाचा असतो. मीरा रोडची सखल भूमी खाडीचा गाळ, भराव व इमारती यांखाली झाकलेली आहे. म्हणून पायासाठी खणलेला खड्डा वा खाणीची उघडी भिंत बुजण्यापूर्वी तेथील थरांचा कल व क्रम नोंदविणे अगत्याचे आहे. एकदा झाकलेला पुरावा पुन्हा सहजासहजी हाती येत नाही.