आर्द्रेचा तारा फुटला तर?



आर्द्रा म्हटली की आपल्याला जूनअखेरचा पाऊस आठवतो. पण थंडीत रात्री गव्हाला पाणी द्यायला जाल तेव्हा जरा वर पाहा. मृगाजवळचा तो ठळक तांबूस तारा म्हणजेच आर्द्रा. हा तारा आता म्हातारा झाला असून येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी त्याचा स्फोट होईल, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग आपले काय होणार?

अशा स्फोटाची आच येथवर पोचत नाही. धोका असतो तो न दिसणाऱ्या किरणांचा. स्फोट जवळ झाला, तर हे किरण हवेतील नत्र फोडतात. त्यातून तयार होणारे वायू उंचावरचा ओझोन खाऊन टाकतात. ओझोन म्हणजे रोपवाटिकेवरचा मांडवच समजा. मांडव गेला की कोवळी रोपे करपतात. तसेच सूर्याच्या अतिनील किरणांनी समुद्रावरच्या सूक्ष्म वनस्पती मरतात. समुद्राचे कुरणच ते! कुरण गेले की त्यावर जगणारे प्राणी उपाशी मरतात.

सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातील जीवांच्या शंभरातल्या ८५ जाती नष्ट झाल्या. त्यामागे असा स्फोट असू शकेल, असा तर्क अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे मेलॉट व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये मांडला. तो सिद्ध झालेला नाही. त्या काळी पडलेली कडाक्याची थंडी हेच मुख्य कारण मानतात.

मात्र ताऱ्यांची राख पृथ्वीवर पडली, याचा पुरावा आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाशी लोह-६० सापडले. त्याचे प्रमाण दर २६ लाख वर्षांनी निम्मे होते. म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळचे ते आज उरणेच शक्य नाही. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचेच ते.

आर्द्रेचे भय मात्र बाळगू नका. असा तारा साधारण ५० प्रकाशवर्षांच्या आत फुटला तरच मोठा धोका. आर्द्रा ५०० हून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. ती फुटली तर दिवसाही दिसेल, एवढेच. तिच्या नावाने कोणी शांत करायला सांगितले, तर पैसे घालवू नका.

ओझोनचा मांडव माणसानेही विरळ केला होता. शीतकपाटांतील वायूंमुळे दक्षिण ध्रुवावर पडलेले भगदाड १९८५ मध्ये उघडकीस आले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू आवरले गेले आणि मांडव हळूहळू भरून येत आहे. ताऱ्यांना आवर घालणे आपल्या हाती नाही, पण हा मांडव राखणे आहे.