उसाच्या रानातले दगड

मॉरिशसमध्ये उसाची नवी लावण करायची, तर आधी दगड काढावे लागतात. आग्नेयेकडच्या प्लेन मान्यां भागात हे काम मी बांधावर उभा राहून पाहिलं. खोडवा मोडलेल्या रानात बुलडोझरचे दाते शिरतात, खडखडाट होतो आणि तांबूस मातीतून धोंडे वर येतात. मोठे धोंडे यंत्र कडेला ढकलतं. मागून येणारे मजूर उरलेले गोटे वेचतात. एक गोटा उचलून पाहिला. काळा, जड, अंगभर बारीक छिद्रं. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेली. छिद्राछिद्रांत माती घट्ट बसलेली.

हा बेसाल्ट आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. भूगर्भातल्या ज्या तप्त स्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर पसरले, त्यातूनच 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज तेच तप्त स्थान शेजारच्या रियुनियन बेटावर धगधगतं आहे.

बुलडोझर येण्याआधी हीच रानं माणसांनी हातांनी मोकळी केली. आधी गुलामांनी आणि 1834 पासून करारावर आणलेल्या भारतीय मजुरांनी. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या त्या लाखो लोकांत कोकणातली मराठी माणसंही होती. वेचलेले दगड टाकायचे कुठे? त्यांनी ते शेतातच रचले. कुठे लांबलचक ओळी, कुठे पायऱ्यापायऱ्यांचे उंच ढीग. जवळून पाहिलं तर खाली मोठे धोंडे, फटींत चिपा, चुना-मातीचा लेप नाही. थेट आपल्या कोकणातला गडगा!

आता या दगडाला नवं काम मिळालं आहे. बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीच्या आतली वाळू बांधकामासाठी उपसली जाई. 2001 मध्ये त्यावर बंदी आली आणि बेसाल्ट भरडून वाळू करण्यावर भर दिला जाऊ लागला. हे फार चांगलं झालं. ती पांढरी वाळू म्हणजे प्रवाळांचा नि शिंपल्यांचा चुरा. चक्रीवादळाच्या लाटांपुढे किनारा तीच सावरते.

पण क्रशरकडे दगड पाठवताना निवड हवी. यंत्राने उपटलेले धोंडे खुशाल भरडावेत. हातांनी रचलेल्या ढिगांना मात्र कुणी हात लावू नये. ज्यांची नावं कोणत्याही पाटीवर नाहीत, त्यांच्या श्रमांचा तो उघड्यावरचा दस्तऐवज आहे. तो राखायचा, तर तेवढी जमीन उसाविना राहिली तरी चालेल.