निर्मळच्या वाड्या आणि निर्यातीची केळी

अलीकडे आपल्या शिवारात एक बोलणे वारंवार कानी येते : "ऊस मोडायचा आन् निर्यातीची केळी लावायची." करमाळा तालुक्यातील कंदर भागाची केळी आखाती देशांत जातात हे पाहून काहींनी रोपांची आगाऊ नोंदणीही केली आहे. त्यात वावगे काही नाही. पण ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केळीच केली, त्याचे काय झाले हे आधी पाहावे, म्हणून वसईजवळच्या निर्मळची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

निर्मळ हे जुने तीर्थ. तलाव, शंकराचार्यांची समाधी, कार्तिक वद्य एकादशीची यात्रा; शेजारीच ख्रिस्ती वस्ती आणि चर्च. या पट्ट्यातली शेती म्हणजे 'वाडी'. केळी, पानवेल, फुले, भाजीपाला सगळे त्यात. पूर्वी वसईच्या वाड्यांत ऊसही असे, म्हणजे हे आपले जुने भाऊबंदच!

वाडीचा जीव बावखलात. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे खोदलेले तळे. पावसात ते भरायचे, भोवतालच्या जमिनीत मुरायचे. त्यातून रहाटाने पाणी काढीत. जनावर थकले की रहाट थांबे, आणि रात्रीतून पाणी पुन्हा वर येई. पुढे इंजिने आली, विजेच्या मोटारी आल्या. मोटार काही थकत नाही. त्यातच मुंबई पसरत वसईपर्यंत आली आणि विहिरींवर टँकर लागले. समुद्र तर हाकेच्या अंतरावर. गोडे उपसले की खारे आत येते, आणि खाऱ्या पाण्याने केळीच्या पानांच्या कडा करपतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली ती याच पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी. तरीही कितीतरी बावखले बुजवली गेली, त्यांवर इमारती उठल्या. 2009 साली महानगरपालिका झाली.

बाजाराच्या बाबतीत वसईकर नशीबवान. 1864 पासून आगगाडी दारात, मुंबई पुढ्यात. न खपणाऱ्या मालाचीही त्यांनी सोय केली होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सोपटात बांधायची, ती सुकेळी. ना बर्फ, ना शीतगृह, तरी महिनोन्‌महिने टिकतात.

परदेशी जाणाऱ्या केळीला मात्र शीतसाखळीच लागते. घड झाकायचा, डाग पडू द्यायचा नाही, फण्या धुऊन खोक्यात भरायच्या आणि 13-14 अंशांच्या कंटेनरमधून न्हावाशेवा बंदर गाठायचे. त्याहून जास्त गार झाली तर साल काळी पडते, गरम राहिली तर वाटेतच पिकते. जगात सर्वांत जास्त केळी आपल्या देशात होतात, पण निर्यातीत पहिला इक्वेडोर, तो काही उगाच नाही.

दुसरी गोष्ट नकाराची. 2010 साली औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडली. फळमाशी व इतर किडी सापडल्या म्हणून 2014 च्या मे महिन्यापासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना युरोपने दार बंद केले; आंब्याला ते 2015 च्या जानेवारीत उघडले. उसाला एफ.आर.पी.चा आधार आहे. दर कमी-जास्त म्हणून आपण भांडतो, पण भांडायला समोर कारखाना तरी असतो. केळीचा व्यापारी सकाळी फोनवर भाव सांगतो आणि संध्याकाळी फोन उचलत नाही, अशी तक्रार आपल्याच काही सभासदांनी आमच्याकडे केली आहे.

आमचे मत असे, की सगळा ऊस मोडू नये. खोडवा निघाल्यावर एकरभर करून पाहावे, तेही ठिबकवर. आणि रोपांचे पैसे भरण्याआधी विहिरीच्या पाण्याचा नमुना एप्रिल-मे मध्ये, पाणी तळाला गेलेले असताना, प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पावसाळ्यातला नमुना सगळ्यांचाच चांगला येतो.