आधी पत्ता की आधी मोहोर?

एखाद्या पेढीची मुख्य कचेरी एका गावी असते आणि शाखा दुसऱ्या गावी. शाखेतला हिशेब रोज मुख्य कचेरीत पोचायचा, आणि तोही इंटरनेटच्या उघड्या रस्त्याने! म्हणून दोन्हीकडे दाराशी फायरवॉल नावाचा पहारेकरी ठेवतात. त्याला दोन कामं असतात. आणि गंमत अशी की ती एकमेकांच्या पायांत येतात. ती का, ते आज पाहू या.

पहिलं काम पत्ता बदलण्याचं. त्याला ‘नॅट’ म्हणतात. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. ते पुरायचे नाहीत हे ओळखून १९९४ साली ही युक्ती मांडली गेली. कचेरीतल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे, घरापुरते पत्ते द्यायचे. पाकीट बाहेर निघालं, की पहारेकरी घरचा पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो आणि कोणाचं पाकीट कोणत्या पोर्ट-क्रमांकाने गेलं, हे बारनिशीत टिपतो. उत्तर आलं की नोंद पाहून ज्याचं त्याला देतो.

दुसरं काम मोहोर लावण्याचं. ते ‘आयपीसेक’चं. सबंध पाकीट सांकेतिक लिपीत बंद करून ते नव्या पाकिटात घालायचं. यालाच बोगदा म्हणतात.

आता भांडण कुठे आहे? आयपीसेकच्या ‘एएच’ या प्रकारात मोहोर पत्त्यावरही असते. वाटेत कोणी पत्ता बदलला की मोहोर फुटली, पाकीट नामंजूर! ‘ईएसपी’ या प्रकारात बाहेरचा पत्ता मोहोरेत येत नाही. पण पोर्ट-क्रमांक आत झाकला जातो. मग वाटेतल्या नॅटवाल्याने बारनिशीत टिपायचं काय? यावर २००५ साली तोडगा ठरला. बोलणी चालू असतानाच दोन्ही टोकं आपापल्या पत्त्याची खूण एकमेकांना कळवतात. खूण जुळली नाही, तर वाटेत नॅट आहे हे उमगतं. मग मोहोरबंद पाकीट साध्या यूडीपी पाकिटात घालून ४५०० क्रमांकाच्या पोर्टाने धाडतात.

परंतु खरा धोका आपल्याच दाराशी असतो. पुष्कळ फायरवॉलमध्ये पत्ता आधी बदलतो आणि मोहोर नंतर लागते. ‘१९२.१६८.१ कडून १९२.१६८.२ कडे जाणारं पाकीट बोगद्यातून न्यावं’ असा नियम आपण लिहिलेला असतो. पण नियम पाहायच्या आधीच पत्ता बदलला, तर पाकीट त्या नियमात बसतच नाही, आणि हिशेबाचं ते पाकीट मोहोरेवाचून उघड्या रस्त्याला लागतं. पलीकडे पोचत तर नाहीच! म्हणून बोगद्याच्या पाकिटांना पत्ता-बदलातून सूट द्यावी, आणि ही सूट सर्वसाधारण नियमाच्या वर लिहावी. कारण नियम वरून खाली वाचले जातात.

कधी मात्र सूट देऊन भागत नाही. दोन्ही कचेऱ्यांनी १९२.१६८.१ हाच गट घेतला असेल, तर ‘पलीकडचा’ कोण आणि ‘आपला’ कोण, हे यंत्राला कळणार कसं? अशा वेळी मुद्दाम पत्ता बदलावा. बोगद्यापुरतं मुख्य कचेरीला १०.१०.१ आणि शाखेला १०.२०.१ अशी टोपणनावं द्यावीत. मात्र एकास एक, म्हणजे दोन्हीकडून हाक मारता येते. आणि बोगद्याच्या नियमातही ही टोपणनावंच लिहावीत, कारण मोहोर लावणाऱ्याला तीच दिसतात.

शेवटी एक पडताळा. बोगद्याचा हिरवा दिवा लागला एवढ्यावर विसंबू नये. फायरवॉलच्या बाहेरच्या तोंडाशी पाकिटं पकडून पाहावीत. शाखेकडे जाणारं प्रत्येक पाकीट मोहोरबंद दिसलं, तरच काम झालं म्हणावं. एक जरी उघडं सापडलं, तरी नियमांचा क्रम पुन्हा वाचायला बसावं.