करपा अडवायचा खेळ

विज्ञान शिकवणारे बरेचसे मोबाइल-खेळ म्हणजे सजवलेली प्रश्नमंजूषा. उत्तर बरोबर आलं की नाणी मिळतात, गाडी पुढे सरकते. गाडीचा विज्ञानाशी संबंध काय? काहीच नाही. खेळाचा नियम हाच विज्ञानाचा नियम असेल, तरच खेळता खेळता शिकणं होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा 2008 मधला ‘फोल्डइट’ पाहा. प्रथिनाची साखळी पडद्यावर दुमडायची. घडीची ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त. माकडांच्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं हुलकावणी देत होती. 2011 मध्ये हौशी खेळाडूंनी ती तीन आठवड्यांत उलगडायला मदत केली.

आता बेळगावजवळच्या उचगावच्या शिवारासाठी खेळ रचू. विषय घेऊ पावसाळी बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा. पडद्यावर एक पान दिसतं. कडेला तपकिरी डाग. पान उलटलं की डागाभोवती पांढुरकी बुरशी. खेळातला एक डाव म्हणजे एक दिवस.

करपा कधी वाढणार? ब्रिटनमध्ये 1956 पासून ‘स्मिथ’चा ठोकताळा वापरात होता: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश वा जास्त आणि रोज किमान 11 तास आर्द्रता 90 टक्क्यांवर. तो जसाच्या तसा उचलला, तर इथल्या जुलैच्या झडीत धोक्याची घंटा जवळपास रोजच वाजेल आणि खेळणाऱ्याला ठरवायला काही उरणारच नाही. म्हणून इथे पानावरची ओल किती तास टिकते, यावर नियम बांधावा. उघडीप पडली, वारा सुटला की ओल सुकते. लावण दाट असेल तर आत तशीच राहते. लावणीचं अंतर आणि फवारणीचा दिवस, एवढे दोनच निर्णय खेळणाऱ्याच्या हाती द्यावेत. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक रोग शिरण्याआधी पानावर असावं लागतं, आणि जोराचा पाऊस ते धुऊन नेतो. हे वाक्य खेळात कुठेही लिहू नये. उशिरा फवारलं की डाग पसरताना दिसू द्यावेत.

गुण म्हणजे काढणीचा माल वजा फवारणीचा खर्च.

पुढची सोय मला सर्वांत मोलाची वाटते: हवामान तेच ठेवून हंगाम पुन्हा खेळता यावा, फक्त एक निर्णय बदलून. शेतात तोच पाऊस दुसऱ्यांदा मिळत नाही. प्रयोग म्हणजे काय, हे इथे हाताला कळतं.

संगणकावर जाण्याआधी सगळा खेळ कागद आणि फाशांवर बटाटा लावणाऱ्यांबरोबर खेळून बघावा. त्या वेळी रचनाकाराने समजावून सांगू नये, गप्प बसून बघावं. माणूस जिथे अडतो, तिथे नियम दुरुस्त करावा.