विजय चौकातली ख्रिस्ती धून

दरवर्षी २९ जानेवारीला, दिवस मावळताना, दिल्लीच्या विजय चौकात सैन्याची वाद्यपथके जमतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते. त्याला 'बीटिंग रिट्रीट' म्हणतात. पूर्वी रणांगणावर सूर्य बुडाला की बिगुल वाजायचा, हत्यारे खाली व्हायची, शिपाई तळावर परतायचे. त्याची ही आठवण. आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर हा कार्यक्रम दूरदर्शनवर बघतात, कारण घरातले, भावकीतले कोणी ना कोणी फौजेत असते किंवा होते.

या कार्यक्रमात झेंडे उतरण्याआधी एक संथ धून वाजायची. वरून घंटांचे नाद यायचे आणि खाली शेकडो वाजंत्री असूनही चौक शांत झाल्यासारखा वाटायचा. आमच्या आळीतल्या आयाबायांची तर खात्रीच होती, की ही शहीद जवानांसाठीची शोकधून आहे. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी मग एके वर्षी सांगितले, "अहो आक्का, हे चर्चमधलं गाणं आहे." आक्कांना ते पटेना. सरकारी कार्यक्रमात, तोही फौजेच्या, चर्चचे गाणे कशाला वाजेल?

पण हवालदारसाहेबांचेच खरे होते. त्या गीताचे नाव 'अबाईड विथ मी'. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या कोळ्यांच्या गावी हेन्री फ्रान्सिस लाईट हे पाद्री होते. छातीच्या रोगाने खंगलेल्या या माणसाने १८४७ साली ते गीत पूर्ण केले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आज वाजते ती चाल विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ साली बांधली. संध्याकाळ झाली आहे, आता तू माझ्याजवळ राहा, एवढीच त्यातली विनवणी आहे. इंग्लंडात फुटबॉलच्या एफ. ए. कप अंतिम सामन्याआधी हजारो प्रेक्षक १९२७ पासून ते गातात. गांधीजींना ते फार आवडे. गांधीजींशी आपले काय होते ते या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पण आवड ती आवड.

२०२० साली हे गीत वगळणार अशी बातमी आली. ओरड झाली, गीत राहिले. २०२२ साली मात्र ते यादीतून गेलेच. स्वातंत्र्याचे पंचाहत्तरावे वर्ष आहे, तेव्हा भारतीय धुना अधिक योग्य, असे कारण सांगितले गेले. त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आले. कवी प्रदीप यांचे शब्द, लताबाईंचा आवाज आणि चाल आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत ते पहिल्यांदा गायले गेले. हे गाणे कोणाला नको आहे? ऐकताना आजही घसा दाटतो. माझी तक्रार एवढीच, की एकाला बसवायला दुसऱ्याला उठवायची गरज नव्हती. चौक काही लहान नाही.

हवालदारसाहेब या बाबतीत माझ्याहून शांत आहेत. ते म्हणतात, "फौजेत एकाच छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च असतं. सर्वधर्मस्थळ म्हणतात त्याला. कोणाची प्रार्थना चालू असली तरी आपण सावधानमध्ये उभं राहायचं. त्यानं कोणी बाटलेला मी पाहिला नाही." १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, हे आपण मुलांना सांगतो. त्या पलटणींतले जवान सर्वधर्मस्थळात कसे उभे राहतात, हेही सांगायला हवे.

आता देशी आणि विदेशी या वादाकडे येऊ. नारायण वामन टिळक हे कोकणातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्ये साहेबी चालीवर भाषांतरित गाणी गायली जात, ती लोकांच्या काळजाला भिडेनात. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत आणली. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. आता अहिल्यानगर म्हणतात त्या नगरकडे एखाद्या रविवारी रस्त्याने जाताना टाळ-तबल्याचा आवाज आला आणि विठ्ठलमंदिर समजून आत डोकावले, तर समोर क्रूस दिसेल. त्या बाकांवर बसलेल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज महारवाड्यात आणि मांगवाड्यात राहत होते. म्हणजे चालही इथली आणि माणसेही इथलीच. मग तिला विदेशी म्हणायचे की देशी?

उलट आपल्या विहारात, जयंतीच्या गायन पार्ट्यांत जी पेटी वाजते, ती मूळची युरोपची. मिशनरी लोकांनी ती इकडे आणली आणि मांडी घालून वाजवायची हातपेटी पुढे कलकत्त्यात तयार झाली. भीमगीतांचा जलसा पेटीशिवाय उभा राहील का?

वाजवणे आणि वाजवणारा यांच्यातला फरक आपल्याइतका कोणाला कळणार? आपल्या आणि मातंग बांधवांच्या आज्या-पणज्यांनी गावच्या जत्रेत डफ, हलगी, सनई वाजवली. वाजवण्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत जायचा आणि वाजवणारा पायरीच्या खाली. १९५६ नंतर आपल्या लोकांनी ती गावकीची कामे सोडली, ती या अपमानामुळे. त्यापायी कित्येक ठिकाणी बहिष्कार सोसले. वरात वाजत न्यायची तर कोणत्या रस्त्याने, यावरून मारहाणी झाल्या. म्हणून सार्वजनिक जागेतून कोणाची धून गुपचूप काढली गेली, की माझे कान टवकारतात. आज ती पाद्र्याची होती. उद्या जयंतीच्या मिरवणुकीला 'हा रस्ता सोडून दुसरीकडून न्या' म्हणणाऱ्याला तेवढाच आधार मिळतो.

आणखी एक गंमत सांगतो. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन शिकवीत, व्हायोलिन शिकवीत. तिथे तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही गोव्याचे वादक वाजवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातले मोठे नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटात अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन ज्याचे नाव सांगतो, ते प्यारेलालजींच्या या गुरूचे नाव. गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या वरातीत बँडवाल्यांनी तेच गाणे तीनदा वाजवले. तिसऱ्यांदा फर्माईश आक्कांची होती.