शेक्सपिअरची शाई आणि तुमची बाळगुटी

युसूफ वडगावच्या दोस्तांनो, तान्ह्या बाळासाठी आजी सहाणेवर काय काय उगाळते, पाहिलंय? हिरडा, वेखंड, हळकुंड, जायफळ... आणि मायफळ! हे मायफळ आणि विल्यम शेक्सपिअर यांची चांगली ओळख होती म्हटलं तर हसाल.

शेक्सपिअर 1564 मध्ये इंग्लंडातल्या स्ट्रॅटफर्डला जन्मला. वडील हातमोजे करायचे. हा पठ्ठ्या लंडनला जाऊन नट झाला, कविता करू लागला आणि नाटकं लिहू लागला. त्याच्या नाटकांत राजे, चेटकिणी, विदूषक, भुतंसुद्धा! तेव्हा बॉलपेन कुठलं? पक्ष्याचं पीस तासायचं आणि शाईत बुडवायचं.

ती शाई व्हायची मायफळापासून. गंमत म्हणजे मायफळ हे फळच नाही. ओक नावाच्या झाडाच्या डहाळीत एक चिमुकली माशी अंडं घालते. झाड तिथं फुगतं, टणक गाठ येते आणि आतली अळी फुकटात घर मिळवते. या गाठीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, मिसळला की शाई तयार. लिहिताना ती फिकट दिसते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की काळीभोर होते. पण ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. कधी कधी शंभरेक वर्षांत कागदच कुरतडते!

मग शेक्सपिअरचं अक्षर आज बघायला मिळतं का? त्याच्या नक्की म्हणाव्यात अशा सह्या फक्त 6 उरल्यात, आणि त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. (हे बाईंना सांगू नका.) एका हस्तलिखितातली 3 पानं त्याचीच असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. बाकी नाटकांचे कागद नटमंडळींच्या रोजच्या वापरातले. ते कोण जपणार?

तो 1616 मध्ये वारला. त्याच्या दोन नटमित्रांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, 1623 मध्ये त्याची 36 नाटकं एका जाडजूड पुस्तकात छापून घेतली. त्यांतली 18 आधी कधी छापलीच नव्हती! ‘मॅकबेथ’ त्यांतलंच. या दोघांनी आळस केला असता, तर आपल्या वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ कसं लिहिलं असतं?

आता तुमच्या जवळच्या अंबाजोगाईला चला. तिथले संतकवी दासोपंत 1551 मध्ये जन्मले, म्हणजे शेक्सपिअरपेक्षा 13 वर्षांनी मोठे. दोघे एकाच काळात, हजारो मैलांवर, लिहीत बसलेले! दासोपंतांनी तर चक्क कापडावर लिहिलं. सुमारे 40 फूट लांब, नऊवारी लुगडंही आखूड पडेल अशी पासोडी! पंचमहाभूतं एकमेकांत मिसळून जग कसं बनतं, हा तिचा विषय. ती अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. अक्षर टिकवण्याच्या शर्यतीत आपल्या दासोपंतांनी शेक्सपिअरला मागं टाकलं, असं मला तरी वाटतं.

आता पुन्हा शाईकडे. घरी एक उद्योग करा. मोठ्यांना सोबत घेऊन हिरड्याची पूड पाण्यात उकळा, गार झाल्यावर त्यात गंजका खिळा टाका आणि रात्रभर ठेवा. हिरड्यातही टॅनिन असतं. सकाळी पाणी काळं झालेलं दिसेल. काडीनं त्या शाईत आपलं नाव लिहा. चाखू मात्र नका, आणि शाळेच्या गणवेशापासून चार हात दूर ठेवा!